चालू गाडीचा रिमोट

"चालू गाडीचा रिमोट दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, आणि इंजिन बंद होईस्तोवर गाडीवरची नजर काढायची नाही." कानसेन हे वाक्य इतक्यांदा म्हणत, की वर्कशॉपच्या भिंतींनासुद्धा ते पाठ झालं असेल.

त्यांचं काम ऐकून माणसं आधी हसत. रिमोटवर पळणाऱ्या गाड्या तपासायच्या, हे काय काम झालं? पण ती गाडी एकदा समोर आली की हसू विरून जाई. दांडग्या बोक्याएवढं धूड, तान्ह्या बाळाच्या डोक्याएवढी चार चाकं, आणि पोटात मुठीत मावेल एवढं खरंखुरं इंजिन. नायट्रो नावाच्या इंधनावर चालणारं. वर्कशॉपच्या मालकांनी एकदा, तरुणपणी, "बघू जरा" म्हणत कानसेनांच्या हातून चालू गाडीचा रिमोट ओढून घेतला होता. वेगाचा चाप दाबला गेला, गाडी सुसाट आली आणि मालकांच्याच नडगीवर आदळली. मालक आजही जरा लंगडत. ते वाक्य तेव्हापासूनचं.

इंजिनात किती इंधन जायचं ते एक बारीकसा स्क्रू ठरवतो. तो सैल राहिला तर इंजिन गुळण्या केल्यासारखं बोलतं आणि धूर ओकतं. जास्त आवळला तर गाडी भन्नाट पळते, घेणारा खूश होतो, पण आतलं तेल कमी पडून इंजिन कोरडं जळतं. तेल इंधनातच मिसळलेलं असतं ना. या दोन्हींच्या मधला एक आवाज असतो, भरल्या गळ्याचा. तो त्यांना ऐकू येई, म्हणून तर सगळे त्यांना कानसेन म्हणत. स्क्रू केसभर फिरवायचे, मान तिरकी करायचे, आणि मग म्हणायचे, "जाऊ दे." त्यांनी "जाऊ दे" म्हटलं की गाडी खोक्यात जायची. त्यावर कुणी काही बोलत नसे.

त्यांची धाकटी लेक त्याच वर्कशॉपमध्ये शेजारच्या टेबलावर इंजिनं जोडायची. तिच्या ध्यानात आधी एक गोष्ट आली: बाबा इंजिनाच्या डोक्यावर पाण्याचा थेंब टाकून बघू लागले होते. थेंब किती वेळात उडतो यावरून ताप कळतो, खरं आहे. पण बाबांना त्याची गरज कधी पडली होती? मग ते चालत्या गाडीच्या पाठीवर तळवा टेकवू लागले. धुराच्या रेषेकडे डोळे बारीक करून पाहू लागले. घरी कुकरची शिट्टी त्यांना ऐकू येईना. आई म्हणाली, "जन्मभर माझं ऐकलं नाही, आता खरंच ऐकू येत नाही म्हणे. सोय झाली." सगळे हसले. बाबाही हसले, पण जरा उशिरा, बाकीच्यांची तोंडं बघून.

मग त्यांनी "जाऊ दे" म्हटलेली एक गाडी परत आली. आतला पिस्टन जळून काळा पडला होता. मालकांनी इंधनाला दोष दिला आणि विषय मिटवला. तो पिस्टन कानसेनांनी कितीतरी वेळ बोटांत फिरवला. लेकीने ते पाहिलं, पण विचारलं नाही. विचारलं असतं तर बाबांना उत्तर द्यावं लागलं असतं.

नव्या मॉडेलची तपासणी आली ती अशा दिवसांत. त्याची पहिली गाडी पास झाली की तिच्याच धर्तीवर बाकीच्या सगळ्या निघणार होत्या. दुपारी बापलेक गाडी घेऊन जुन्या खाणीत गेले. खडी, भुसभुशीत माती, दगडांचे उंचवटे. गाडी उडाली, कोलांटली, पुन्हा चाकांवर आली. ऊन लख्ख होतं, मागे धुराची निळसर रेघ स्वच्छ दिसत होती. कानसेनांनी स्क्रू लावला तो अगदी नेमका. लेकीच्या मनावरचं ओझं उतरलं.

तिथून ते शर्यतीच्या ट्रॅकवर आले तोवर ऊन उतरलं होतं आणि गार वारा सुटला होता. गार हवेत तोच स्क्रू आवळल्यासारखा वागतो. हे कानसेनांनीच लेकीला शिकवलं होतं. चालवणाऱ्यासाठी बांधलेल्या लाकडी माचावर ते उभे राहिले, लेक शेजारी, मालक खाली टायरांच्या कुंपणाला टेकून. पहिले फेरे नीट गेले. मग इंजिन तापलं, आणि लांब सरळ पट्ट्यावर गाडीचा आवाज वर चढला, पातळ झाला, सुईसारखा. लेकीच्या दातांना कळ लागली. तिने बाबांकडे पाहिलं. त्यांचे डोळे गाडीच्या मागे धूर शोधत होते. वारा धूर उठताक्षणी पुसून टाकत होता.

फेरा पुरा झाला. त्यांनी चाप सोडला नाही. मान तिरकी केली, पहिल्यासारखी, आणि गाडीवरची नजर न काढता हळूच विचारलं, "काय म्हणतेय गं?"

उभ्या आयुष्यात त्यांनी हे कुणाला विचारलं नव्हतं. 'ठीक आहे' म्हणणं सोपं होतं. खाली मालक होते, त्यांना आवाजातलं काही कळत नसे. बाबांनी "जाऊ दे" म्हटलं असतं आणि आजचा दिवस निभावला असता.

"कोरडी ओरडतेय, बाबा," ती म्हणाली. "मघापासून."

त्यांनी चाप सैल केला. गाडी संथ झाली, आवाज खाली आला. आता ती कडेला घेऊन बंद करतील असं तिला वाटलं. पण त्यांनी रिमोट तिच्यापुढे धरला.

"घे."

"बाबा, चालू आहे."

"दिसतंय मला. घे."

तिने आधी रिमोटच्या मुठीखाली हात घातला, मग चापावर त्यांच्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं. त्यांचं बोट निघालं तेव्हा गाडीला धक्काही बसला नाही.

"लगेच बंद करू नकोस. सावकाश फिरव, निवू दे. मग स्क्रू तू लाव. झालं की मालकांना 'जाऊ दे' तूच सांग."

माचाच्या लाकडी पायऱ्या वाजल्या. नंतर खडीवरची पावलं, मग तीही नाही. लेकीला वळून बघता आलं नाही. इंजिन चालू होतं. ती गाडीला संथ फेरे देत राहिली आणि डोळ्यांतलं पाणी नजरेच्या आड येऊ नये म्हणून पापण्या मिटत-उघडत राहिली.

त्यांना जाताना पाहिलं ते मालकांनी. कानसेन कुंपणाजवळून गेले, मालकांच्या लंगड्या पायाकडे बघून किंचित हसले आणि फाटकाकडे वळले. मालकांनी मागून दोनदा हाक मारली. कानसेन थांबले नाहीत. फाटकाबाहेर पडून त्यांनी मागे हात घालून कडी नीट लावली, आणि वाऱ्यासमोर मान खाली घालून रस्त्याने चालू लागले. ते वळणाआड होईपर्यंत मालक तिथेच उभे होते. तोवर लेकीने स्क्रू लावला होता; ट्रॅकवरून इंजिनाचा आवाज येत होता, खालचा, भरल्या गळ्याचा.