आत्ताच तर खाल्लात, अव्वा

हे मी आजवर कुणापुढंच काढलेलं नाही. नवऱ्यापुढं नाही, सख्ख्या बहिणीपुढं नाही. मठात जाऊन डोळे मिटून बसते तेव्हा मनातल्या मनातसुद्धा ते पुरतं येत नाही — अर्ध्यावर आलं की मी दुसराच विचार धरते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हांला सांगते. पण सरळ सांगायला जमेल का? बघू.

आम्ही बिदरला, नौबादला राहतो. ह्यांचं पाण्याच्या मोटारी आणि पाइपांचं दुकान आहे. एक मुलगी, स्नेहा. आणि माझ्या सासूबाई — त्यांना आम्ही सगळेच अव्वा म्हणायचो. मूळच्या बसवकल्याणच्या. सासरे गेल्यावर तिथलं घर बंद करून आमच्याकडं आल्या. रागावल्या की कन्नड बोलायच्या, लाडात आल्या की मराठी.

माझ्या हाताला चव आहे असं आमच्या भावकीत म्हणतात. बढाई नाही, पुढचं कळावं म्हणून सांगते. स्नेहा शाळेत असताना तिला पास्ता आणि नूडल्सचं वेड लागलं, आणि मी फोनवर बघून बघून शिकले. मैदा लोण्यात परतून त्यात दूध घालत घालत केलेला पांढरा सॉस. कोबी, पातीचा कांदा आणि आपलाच काळा मसाला घातलेल्या नूडल्स. टोमॅटो आणि शेंगदाण्याच्या चटणीतली मॅकरोनी — ही तर माझीच, कुठल्या पुस्तकात नसेल. परीक्षा असो, ताप उतरलेला असो, शाळेतून पोर रडत आलेली असो, आमच्या घरात त्यावर एकच उपाय होता. वाफाळती वाटी पुढं ठेवायची आणि शेजारी बसायचं. पोरीचं तोंड उजळायचं.

अव्वांना ते आवडायचं नाही. "हे रबर कुणी चावावं?" म्हणायच्या. त्यांच्या त्या शेवया. शावगी म्हणायच्या त्या कन्नडात. उन्हाळ्यात गच्चीवर यंत्र लावून, धोतरावर वाळवून, डबे भरून ठेवलेल्या. उकळत्या पाण्यात सोडायच्या, चाळणीत निथळायच्या, वर गूळ, तूप आणि कोमट दूध. बाकी काही नाही. माझ्या बाळंतपणात त्यांनी मला हेच खाऊ घातलं होतं, समोर बसून, वाटी रिकामी होईतो.

त्या मला फार जीव लावायच्या असं नाही. पाहुण्यांसमोर म्हणायच्या, "आमच्या सुनेच्या शावगीचा लगदा होतो." आणि मी हसून आत जायचे. आता इथं मला म्हणता येईल, की तोच राग मी काढला. तुम्हीही मान डोलवाल — सासू-सुनेचं हे असं चालायचंच. पण ते खरं नाही. तो राग तेव्हा माझ्या आठवणीतसुद्धा नव्हता.

मग अव्वा विसरायला लागल्या. आधी किल्ल्या, मग गॅस, मग माणसं. स्नेहाला महादेवी म्हणून हाक मारायच्या — महादेवी म्हणजे माझ्या नणंदबाई, आमच्या अक्का, करजगीला दिलेल्या. वारलेल्या भावाची वाट बघत दारात बसायच्या. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार, धीर धरा. मी धरला. हेही खरंच आहे. अंघोळ, वेणी, कपडे, सगळं मीच करत होते, आणि तोंड वाकडं न करता करत होते.

जेवणाचंही तसंच झालं. जेवून हात धुतला की थोड्या वेळानं विचारायच्या, "मी जेवले का ग?" मी सांगायची, "आत्ताच तर खाल्लात, अव्वा." तेव्हा ते खरं असायचं. दिवसातून कितीदा तरी मी हे वाक्य म्हणायची, आणि दर वेळी खरं म्हणायची. म्हणून तर ते इतक्या सहज तोंडात बसलं होतं.

त्या दुपारी स्नेहाच्या मैत्रिणी यायच्या होत्या. मी सॉस ढवळत होते. तो सॉस सोडून चालत नाही, हात थांबला की गुठळ्या होतात. अव्वा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "थोडी शावगी दे ग. भूक लागलीय." सकाळी दुधात कुस्करलेली अर्धी भाकरी, तेवढंच त्यांच्या पोटात गेलेलं होतं. मला माहीत होतं.

आणि मी मान न वळवता म्हणाले, "आत्ताच तर खाल्लात, अव्वा."

मग मी वळून बघितलं. अव्वांनी उजव्या हाताची बोटं नाकाशी धरली होती. वास घेत होत्या — तुपाचा वास येतो का ते बघत होत्या. मग म्हणाल्या, "व्हय? ध्यानातच ऱ्हाईना बघ मला काही." आणि जाऊन हॉलमधल्या बाजेवर बसल्या.

मी मनात म्हटलं, सॉस झाला की करून देते. सॉस झाला, तोवर पोरी आल्या. वाढलं, हसले, आणखी वाढलं. त्यातली एक फार गुणी होती. तिनं आपली ताटली पुढं करून विचारलं, "आजी, तुम्ही घेता का थोडं?" अव्वा हसल्या. "नको बाळा, माझं झालंय."

शेवया मी संध्याकाळी केल्या. तोवर दिवे लागले होते.

त्यानंतर मला वाईट वाटलं असेल, असं तुम्हांला वाटत असेल. वाटलं असतं तर मी हे सांगत बसले असते का? मला हलकं वाटलं. एक काम टळलं होतं आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं — असंच वाटलं.

मग ते परत झालं. कधी पाहुणे होते म्हणून, कधी कंबर दुखत होती म्हणून, आणि पुढं पुढं तर कशासाठीच नाही. रोज नव्हतं, असं लिहायला माझा हात शिवशिवतोय. रोज नव्हतंच. पण त्यानं काय होतं?

एकदा अव्वांना पटेना. पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "न्हाई ग. पोट रिकामं वाटायलंय." स्नेहा नूडल्स खाऊन क्लासला गेलेली होती, तिची ताटली ओट्यावर पडली होती. मी ती उचलली आणि अव्वांपुढं ठेवली. "ही काय तुमची ताटली. बघा की." कडेला चिकटलेल्या दोन-चार नूडल्सकडं त्या बघत राहिल्या. पिवळ्या, मसाल्याच्या. आयुष्यभर शेवया केलेल्या बाईला ओळखू आलं नसेल का, की या आपल्या नाहीत? मग त्या खाली बघून म्हणाल्या, "तुला लई तरास द्यायले मी."

ताटलीचं हे मी ठरवून केलं. तोंडातून चुकून गेलेलं वाक्य नव्हतं ते. चालत ओट्यापर्यंत गेले, ताटली घेतली, परत आले.

का केलं? मी खूप विचार केलाय. थकले होते, हे खरं. पण शेवया करायला लागतो तरी किती वेळ? पाणी उकळायला लागतो तेवढा. त्या ताटलीचं सोंग करायला जेवढं बळ लागलं, तेवढ्यात शेवया झाल्या असत्या. मग? मला वाटतं — लिहायला लाज वाटते — या घरात माझा शब्द कधीच शेवटचा नव्हता. आधी सासऱ्यांचा, मग अव्वांचा, मग ह्यांचा. आणि आता मी म्हणेन ते घडलेलं असायचं. मी जेवलात म्हटलं की त्या जेवलेल्या असायच्या. मला ते आवडायला लागलं होतं. अगदी थोडंसं, पण लागलं होतं.

एका दुपारी हे अचानक घरी आले. येताना बेकरीतून मऊ बन आणला होता, अव्वांना दुधात बुडवून खायला. बाजेवर आईजवळ बसले आणि तुकडा पुढं केला.

"अव्वा, घे की. गरम हाय."

"नको रे. मी जेवलेय."

"थोडाच घे. तोंड किती सुकलंय तुझं."

"न्हाई, जेवलेय मी. सुनबाईनं सांगितलंय ना." आणि माझ्याकडं बघितलं, विश्वासानं. "व्हय का न्हाई ग?"

मी दारात उभी होते. ह्यांनीही माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत काही संशय नव्हता, नुसते उत्तराची वाट बघत होते. तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, घ्या अव्वा, खा. त्यात कबुलीसुद्धा नव्हती, कुणाला कळलंही नसतं. पण मला वाटलं, आत्ता खा म्हटलं आणि त्यांनी भराभरा खाल्लं तर? एवढी भूक कशी, असं ह्यांनी विचारलं तर?

मी म्हणाले, "व्हय, आत्ताच."

ह्यांनी तो बन उभ्या उभ्या स्वतः खाल्ला आणि दुकानाला गेले.

दिवाळीला नणंदबाई आल्या. अव्वांनी त्यांचा हात धरून हळूच सांगितलं, मला खायला देत न्हाईत. मी आतून ऐकलं. आणि अक्का काय म्हणाल्या? "असं बोलू नये अव्वा. वैनी तुझं किती करायल्यात. दुसरी असती तर कधीच टाकली असती तुला." मग आत येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मनावर घेऊ नका वैनी. तिचं डोकं ठिकाणावर न्हाई."

मी मान हलवली. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. अक्कांना वाटलं, मला लागलं.

डॉक्टरांनी वजन बघून विचारलं, जेवण कसंय? मी म्हणाले, दोन्ही वेळचं व्यवस्थित, शिवाय मधे शेवया. त्यांनी टॉनिक लिहून दिलं. अव्वा शेजारच्या खुर्चीवर बसून माझ्या प्रत्येक शब्दाला हो-हो करत होत्या.

त्यानंतर मी थांबले. पण मला पाझर फुटला असं समजू नका. मी भ्याले होते. ते वजन कागदावर आलं होतं. मी वेळेवर वाढायला लागले, शेवया तर दिवसातून दोनदा. आणि अव्वा खाईनात. वाटी पुढं ठेवली की तिच्यावर तळवा झाकायच्या. "आत्ताच खाल्ले न मी. सारखं सारखं खाऊ नये. हावरट म्हणतात लोक." मी म्हणायची, न्हाई अव्वा, खरंच नाही खाल्लं तुम्ही, माझी शपथ. त्या हसायच्या. मी त्यांची चेष्टा करतेय असं त्यांना वाटायचं. चमच्यानं भरवायला बसले तर दोन घास घ्यायच्या, माझ्या समाधानासाठी, आणि तोंड मिटायच्या. इतकं सगळं विसरलेल्या बाईनं माझं तेवढं एक वाक्य धरून ठेवलं होतं.

थंडीत ताप आला, छाती भरली आणि त्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, वय होतं, अंगात ताकद उरली नव्हती. सगळ्यांनी वय होतं हे ऐकलं. मी पुढचं ऐकलं. माझ्यामुळं गेल्या का? मला माहीत नाही. नाही म्हणायचा मला अधिकार नाही, एवढं कळतं.

मातीला भावकी जमली होती. बायका एकमेकींना सांगत होत्या, सून असावी तर अशी. अक्कांनी आपल्या सुनेला माझ्या पाया पडायला लावलं. मी पाय मागं घेतले नाहीत.

स्नेहा आता कलबुर्गीला शिकायला आहे, मैत्रिणींबरोबर खोली करून राहते. परवा तिचा फोन आला. खोलीतल्या एका मुलीला ताप होता, तिच्यासाठी काहीतरी मऊ करायचं होतं. "मम्मी, आजीला करायचीस तशा शेवया सांग ना." मी सांगितल्या. पाणी खळखळलं की सोड, जास्त ढवळू नको, बोटात दाबून बघ. ती ऐकत होती, पलीकडं भांड्याचा आवाज येत होता. मधेच म्हणाली, "आजी नशीबवान होती ग. तू किती केलंस तिचं."

सांगायचं असतं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. ती मोठी झालीय, तिला पेललं असतं. मी म्हणाले, "नीट निथळून घे, खाली पाणी राहू देऊ नको."

आता तुम्हांला सांगून झालं. त्या दुपारी माझा घोटाळा झाला नव्हता, मी विसरले नव्हते. अव्वांनी खाल्लेलं नाही हे मला दर वेळी माहीत होतं. घरात शेवया होत्या, गूळ होता, दूध होतं. त्यांना भूक लागली होती आणि मी दिलं नाही.