बंबावरचे शेषरावमामा

फायर स्टेशनात किस्से साचायला वेळ लागत नाही. आग विझवायला एक तास, आणि ती सांगायला पुढची वीस वर्षं! त्यात गाडीवर शेषरावमामांसारखा माणूस असला तर बघायलाच नको. परभणीत पाइप धरण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. मी त्यांच्या बंबाचा ड्रायव्हर. मागच्या महिन्यात मामा गेले. दहाव्याला आम्ही जुने लोक रडायला म्हणून बसलो, आन् हसत उठलो.

*

पेडगावात कडब्याची गंजी पेटली. आम्ही पोचेपर्यंत गावानं बादल्यांनीच विझवलेली. एक म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता काय राख भिजवायला आलाव का?"

"व्हय मावशी," मामा शांतपणे म्हणाले, "आग राखंतच लपती."

त्यांनी ढीग उलटला, तर खालून भस्सकन जाळ! सगळं गाव मागं पळालं. अर्धा तास पाणी मारलं तेव्हा कुठं धूर थांबला. निघताना तीच म्हातारी चहा घेऊन आली. मामांनी कप हातात घेत विचारलं, "हा तरी गरम हाय का, का हा बी विझवलाव?"

*

एका शाळेत प्रात्यक्षिक होतं. मैदानात लाकडं रचलेली, समोर सगळी शाळा, खुर्च्यांवर पाहुणे. मामांनी आग पेटवायची आणि विझवून दाखवायची. पण वारा असा, की काडी टिकेना! अख्खी पेटी संपली. पोरं खिदळायला लागली, हेडमास्तर घामाघूम.

मामांनी सरळ माइक घेतला. "बाळांनो, आमी जन्मभर आग विझवली. लावायची प्रॅक्टिस न्हाई!"

*

पिंगळीला लग्नाच्या मांडवामागं गॅसची टाकी पेटली. आचारी पळाले, वऱ्हाडी पळाले. मामा ओलं पोतं घेऊन एकटे पुढं गेले, टाकीवर पोतं दाबलं आणि नॉब बंद केला. लग्न वाचलं, मामांची अर्धी मिशी गेली!

मी त्यांना घरी सोडायला गेलो. मामींनी दारातूनच बघितलं, आत जाऊन कात्री आणली. "उरलेली अर्धी कुणाला दाखवायला ठेवलीत?"

मिशी कापताना "हलू नका, हलू नका" म्हणत होत्या. कापून झाल्यावर मामांचं तोंड उजेडाकडं वळवून कुठं भाजलंय का ते बघितलं.

*

हा शेवटचा किस्सा मामांनी स्वतः कधीच सांगितला नाही. दुपारची वेळ, जुन्या गल्लीत शॉर्टसर्किटनं घर पेटलेलं. मामांनी आतून एका आजीला उचलून बाहेर आणलं. पण आजी एकसारखी ओरडायली, "मालक आत हायत! आमचे मालक आत राहिले!"

शेजारी म्हणाला, "मामा, जाऊ नका. म्हातारे वारून लय वर्षं झाली."

मामांनी ते ऐकलं. आजीकडं एकदा बघितलं, ओला टॉवेल तोंडाला बांधला, आणि मी हात धरायच्या आत धुरात शिरले.

आले ते खोकत, छातीशी एक फोटो धरून. काच तडकलेली, हार जळलेला. आजीनं पदरानं फोटोवरची काजळी पुसली.

मी चिडलो होतो. तेवढ्यात साहेब रिपोर्ट लिहायला आले. "शेषराव, किती जणांना बाहेर काढलं?"

मामांनी तोंडावरचा टॉवेल सोडला.

"दोघं लिहा साहेब."