हळदीच्या ताटाजवळचा हात

चिंतू कॅमेरा उचलण्याआधी दोन्ही तळवे शर्टाला पुसायचा. जेवायला बसला की ताट खिडकीकडे सरकवायचा. कालवणावर उजेड कुठून पडतो ते बघायचा. बोलता बोलता एक डोळा मिटायचा, आणि बायका भलतंच समजून चिडायच्या. लेन्सची टोपणं हरवतात म्हणून ती लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवायचा. आणि कुठल्याही लग्नात, पहिला शॉट घेण्याआधी, नवरीच्या घरचं हळदीचं ताट मागायचा.

पुसायचा, सरकवायचा, मागायचा. चिंतूबद्दल असं भूतकाळात बोलायची कीर्तीला अजून सवय झालेली नाही.

ताटात हळद, कुंकू आणि मूठभर तांदूळ. शेजारी नवरीनं पालथा हात टेकायचा. चिंतू ते सगळं निवांत शूट करायचा. घरातल्या बायकांना वाटायचं, हा कॅमेऱ्याची पूजा करतो. चिंचणीत एका आजीनं तर लेन्सलाच कुंकू लावलं होतं. नंतर कॉम्प्युटरवर रंग सारखे करताना तेच ताट त्याच्या उपयोगी पडायचं. पिवळा किती पिवळा होता आणि नवरी किती सावळी होती, हे ताट सांगायचं.

बोईसर स्टेशनजवळ त्याचा गाळा होता. कीर्ती मराठीत एम. ए. करून पालघरला नोकरी शोधत होती, आणि अधूनमधून त्याच्या लग्नाच्या व्हिडिओंसाठी चार ओळी लिहून द्यायची. तो तिला मास्तरीण म्हणायचा. गेल्या वर्षभर त्याला एकच ध्यास होता : कच्चं रेकॉर्ड करणारा, आपल्याला झेपेल असा सिनेमाचा कॅमेरा. दोन त्याच्या नजरेत होते.

"मास्तरीण, ऐक. यातला पयला हाय ती म्हैस. खाते मरणाची. बॅटरी खाते, कार्ड खाते, तापते पण. पण दूध घट्ट. कच्चा माल आतल्या आत साठवते."

"आणि दुसरा?"

"ती शेळी. हलकी, कुठं पण चढते, फोकस आपोआप धरते. पण कच्चं पायजे तर वर वेगळा रेकॉर्डर बांधायचा. मदी वायर."

"मग शेळी घे. तुझी पाठ तरी वाचेल."

"आन् हळदीत नाचताना कुणाचा हात वायरीला लागला तर? मग दूध तू देशील काय?"

कच्चं म्हणजे काय, ते त्यानं तिला एकदाच समजावलं होतं. साधा कॅमेरा रंग, उजेड स्वतःच ठरवून मोकळा होतो. काळोख वाटला तिथं काळं फासतो. कच्च्यात असं काही ठरलेलं नसतं. पडद्यावर सगळं राखाडी दिसतं, पण काळोखातलंसुद्धा आत शिल्लक असतं. रंग मागाहून माणसानं भरायचा.

ते सांगून त्यानं थोरल्या भावाच्या लग्नाची जुनी फिल्म लावली होती. शूटिंग त्यानंच केलं होतं. त्याची आई, नर्मदा, मांडवात हसत होती. मागं हॅलोजन. चेहऱ्याच्या जागी काळा डाग. आई पुढच्याच वर्षी गेली. त्यानं तो डाग उजळायचा खूप प्रयत्न केला. डाग फक्त करडा झाला.

"आवाज येतो बग," तो म्हणाला होता. "तोंड नाय."

पारख करायला त्यानं दोन्ही कॅमेरे भाड्यानं आणले, ते तेजलच्या लग्नात. तेजल मनोरकडच्या पाड्यावरची. बोईसरला कारखान्यात पॅकिंगला होती. चांगली सावळी, आईवर गेलेली. शेळी कीर्तीच्या हातात होती. नाच सुरू झाला, कुणाचा तरी कोपर लागला, वायर निसटली आणि रेकॉर्डर बंद पडला. म्हैस तापत तापत शेवटपर्यंत टिकली. ठरलं तर मग. म्हैसच घ्यायची.

तेवढ्यात नवऱ्याचा थोरला भाऊ, शैलेश, कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावला.

"हे काय? नवरीच्या तोंडाला राख फासलीय काय?"

"दादा, ते कच्चं हाय. रंग नंतर भरायचा."

शैलेशनं पुन्हा पडद्यात बघितलं. मग चिंतूच्या खांद्यावर हात टाकून हळूच म्हणाला, "म्हणजे पायजे तसा रंग करता येतो? मग आमच्या सूनबाईला जरा उजळ कर. पाहुण्यांना दाखवायचीय."

चिंतू हसला नाही. "ताट शूट केलंय, दादा," एवढंच म्हणाला.

त्यानंतर शैलेशचे फोन रोज येऊ लागले. आधी विनंती, मग आवाज चढला. नाही जमत तर शूटिंगची डिस्क दे, आमचा माणूस करील. चिंतू फोन उलटा ठेवायचा आणि कामाला लागायचा. तेजलच्या घरची हळद त्यानं कागदाच्या पुडीत आणली होती. ती पडद्याखाली उघडून ठेवायचा आणि पडद्यावरचा पिवळा तिच्याशी ताडून बघायचा.

बुधवारी सकाळी तो भाड्याचे कॅमेरे परत करायला मनोरला निघाला. चिल्हार रस्त्यावर टँकरनं त्याची बाइक उडवली. चिंतू जागीच गेला. बॅग गवतात पडली होती. दोन्ही कॅमेरे शाबूत होते.

गाळा रिकामा करायला कीर्ती गेली, तेव्हा शैलेश दारात उभा होता. मागं तेजल.

"झालं ते वाईट झालं," शैलेश म्हणाला. "पण डिस्क आमची हाय ना?"

डिस्क कीर्तीसमोरच, टेबलावर होती. एकदा ती बाहेर गेली की तेजलचा चेहरा कुणी कसाही करणार होतं. पण नाही म्हणायचा कीर्तीला अधिकार नव्हता. शैलेश आत आला. त्यानं हात पुढं केला.

त्याच्याआधी तेजलचा हात डिस्कवर पडला. पालथा, ताटाजवळ टेकला होता तसाच.

"भाऊजी, लगीन माजं हाय. डिस्क हिच्याकडंच राहील."

"आन् रंग कोण भरणार? तो तर गेला."

"नाय भरला तर नाय भरला."

शैलेश तिच्याकडे, मग कीर्तीकडे बघत राहिला. बाहेर कंपनीची बस हॉर्न देत गेली. मग तो पाय आपटत पायऱ्या उतरला.

दोघींनी कॉम्प्युटर लावला, चिंतूचं अर्धवट राहिलेलं काम उघडलं. ताट आलं. हळद पिवळीधमक, कुंकू लाल, आणि शेजारी तेजलचा हात, अगदी तिचा. तेजलनं आपला हात पडद्याला लावून बघितला. मग तिची आई, हिराबाई, हळदीनं माखलेली बोटं घेऊन पुढं आली. ती लेकीच्या गालापाशी पोचली.

तिथून पुढं सगळं राखाडी.