बॉनेटवरचा पोचा

शहराबाहेरचा विमानतळ बंद पडून बरीच वर्षं झाली. विमानं गेली, धावपट्टी राहिली. तिथे वर्षातून एकदा जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. शनिवारी गाड्या नटूनथटून रांगेत उभ्या राहतात आणि परीक्षक त्यांच्याभोवती फिरतात. रविवारी ज्यांच्या अंगात अजून दम आहे त्या दोन-दोन करून पळतात. त्याला ड्रॅग रेस म्हणायचं. वळण नाही, चढ नाही, दिवा हिरवा झाला की नाकासमोर सुटायचं, बस.

त्या रांगेत एक बदामी गाडी दरवर्षी असते. बाकीच्या गाड्यांच्या पत्र्यात बघून केस विंचरावेत, आणि हिच्या बॉनेटवर भर मधोमध तळहाताएवढा पोचा! शेजारी घडीच्या खुर्चीवर एक माणूस बसलेला असतो. त्याचा धंदा विचाराल, तर गाड्यांचे पोचे काढायचा.

"काय पोचेमास्तर, दिव्याखाली अंधार?" जाणारा-येणारा म्हणतोच.

मास्तर मान हलवतात आणि चहाच्या कपात बघत बसतात.

असं का, ते सांगायचं तर मास्तरांच्या हातापासून सुरुवात करायला हवी. त्या हातांना पोचा म्हणून सहन होत नाही. लहानपणी आईच्या डब्यांची झाकणं ठोकून सरळ करायचे. पुढे कुणाच्या घरी गेले तरी आधी पातेल्याचा काठ चाचपणार. त्यांची बायको सांगते, "नवी होते तेव्हा वाटलं, माझ्या माहेरच्या भांड्यांत खोट काढतोय हा माणूस. नंतर कळलं, बिचाऱ्याला दुसरं काही दिसतच नाही." गॅरेजमध्ये एका हाताने पत्र्याच्या मागून लोखंडी ठोकळा टेकवायचा, दुसऱ्या हाताने वरून हलकी हातोडी चालवायची, आणि मग डोळे मिटून तळहात फिरवायचा. डोळा फसतो, हात फसत नाही, हे त्यांचं नेहमीचं बोलणं.

मास्तरांचे थोरले भाऊ, दादा, म्हणजे याच्या अगदी उलटं माप. बसवर ड्रायव्हर होते. आठवडाभर थांब्या-थांब्यावर थांबून इतके कंटाळायचे, की मेळ्याच्या रविवारी त्यांना कुठेच थांबायचं नसायचं. बदामी गाडी त्यांची. ती पळायची बेताचीच, पण रुसायची फार. आत कुठलीशी तार सैल होती. दादांनी ती कधी दुरुस्त केली नाही. गाडी अडली की खाली उतरायचे, बॉनेटवर तळहाताचा एक दणका द्यायचे आणि म्हणायचे, "ऊठ गं बाई, उन्हं वर आली!" की लागलीच ती घुरघुरायला लागायची. वर्षानुवर्षं एकाच जागी दणके बसून तिथे पोचा पडला.

"दादा, एक सकाळ दे मला ही गाडी," मास्तर म्हणायचे. "असा काढतो, की कुठे होता ते तुलाच सापडायचं नाही."

"हात लावशील तर खबरदार! अख्ख्या गावाचे पोचे काढून पोट भरलं नाही का तुझं?"

"लोक हसतात रे मला. डेंटरच्या सख्ख्या भावाची गाडी, आणि..."

"हसू देत. माझं काय जातंय?"

अशी ही थट्टा. दादांना गंमत वाटायची. मास्तरही हसायचे, पण पायात मोडलेला काटा वरून दिसत नाही म्हणून बोचायचा राहत नाही.

मग एका हिवाळ्यात दादा गेले. खुर्चीत बसले होते, ते उठलेच नाहीत. वहिनींनी गाडी शेडमध्ये कापडाखाली झाकून ठेवली. मेळा जवळ आला तसं त्यांनी मास्तरांना बोलावलं.

"भाऊजी, यंदा गाडी तुम्ही न्या. शनिवारी उभी करा. रविवारी मी येते. एकदा मीच पळवून बघते म्हणते."

"वहिनी, तुम्ही?"

"का? नाकासमोर तर जायचं. तुमच्या दादांबरोबर संसार केला, त्यात वळणं जास्त होती." मग म्हणाल्या, "दुसरं काही करू नका हं. नुसती धुऊनपुसून ठेवा."

टेम्पोवर चढवून मास्तरांनी गाडी गॅरेजमध्ये आणली. धुतली, पुसली, पॉलिश केलं. पोच्यापाशी आलं की फडकं बाजूने फिरवायचे. दोनदा निघून हात धुऊन आले. आणि मग एका दुपारी, गॅरेजमध्ये कुणी नसताना, मनात आलं, आता दादा नाही अडवायला. खोटं कशाला बोला, त्या विचारासरशी थोडं बरंही वाटलं. जन्मभराच्या भांडणात शेवटचा शब्द आपला. हे बरं वाटणं बायकोला सांगायला त्यांना पुढे वर्ष लागलं.

बॉनेट उघडलं, ठोकळा टेकवला, हातोडी चालवली. घासलं, रंग जुळवला, घोटला. संध्याकाळी डोळे मिटून हात फिरवला, तर निवलेल्या दुधावर साय धरावी, तसा पत्रा.

शनिवारी मेळ्यात परीक्षकीणबाई वाकून बॉनेटमध्ये बघत राहिल्या. समोरच्या तंबूची दोरी त्यात सरळ रेघेसारखी उमटली होती, कुठे थरथर नाही. "सगळ्या मैदानात असा पत्रा नाही," त्या म्हणाल्या, आणि आरशाला पहिल्या नंबराची निळी फीत बांधून गेल्या. शेजारच्या लाल गाडीवाल्याने मास्तरांची पाठ थोपटली. मास्तरांची छाती अशी फुगली, की शर्टाच्या गुंड्यांनी काळजी करावी.

तेवढ्यात पुतणी आली. दादांची एकुलती एक लेक. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पुढे येऊन थबकली.

"काका, खड्डा कुठाय?"

"काढला!"

"आईला माहितीय?"

"उद्या बघेलच की. चकित होईल."

पुतणी खाली गवतात बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "काका, आई रोज सकाळी शेडमध्ये जाते. कापड वर करते आणि त्या खड्ड्यात तळहात ठेवून उभी राहते. चहा तिथेच गार होतो. गाडी तुझ्याकडे गेली तेव्हापासून तिच्या हाताला जागा नाहीये. म्हणत होती, रविवारी भेटेल."

आरशावरची फीत वाऱ्याने फडफडत होती, ती मास्तरांनी काढून खिशात कोंबली.

"मी नाही सांगणार," पुतणी म्हणाली. "तू केलंयस, तू सांग."

घरी जेवायला बसले, तर घास नुसता तोंडात फिरत राहिला. बायकोने खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. ती ताट सरकवून त्यांच्याकडे बघत राहिली.

"तुम्हाला धुवायला-पुसायला सांगितलं होतं. तुम्ही माणूसच पुसलात."

"मला काय ठाऊक?"

"दादा नको म्हणायचे, ते तर ठाऊक होतं ना?" मास्तर ताटातला भात चिवडत राहिले. "फोन करा वहिनींना."

"करतो." फोन उचलला, ठेवला. पुन्हा उचलला, घड्याळात बघितलं, पुन्हा ठेवला.

रविवारी गर्दी व्हायच्या आधी मास्तर मैदानावर हजर, पिशवीत लाकडी हातोडी आणि टॉवेल. पोचा पुन्हा पाडायचा, हा बेत. त्यांच्याइतका तो कुणाला पाठ होता? मनगटाकडे खोल, बोटांकडे उथळ, अंगठ्याच्या बाजूला जरासा कललेला. असा पाडला असता, की वहिनींच्या हातालासुद्धा कळलं नसतं. बॉनेटवर टॉवेल अंथरला, हातोडी उचलली...

"ओ मास्तर! डोकं फिरलं का?" लाल गाडीवाला ओरडत आला. "काल फीत मिळाली ना तिला?"

"माशी बसली होती."

"हातोडीने मारताय?"

आणि त्याच्या मागे वहिनी उभ्या. दादांचं जुनं जाकीट, बाह्या दुमडलेल्या. लेक एक पाऊल मागे.

वहिनींनी टॉवेल उचलला. न बघताच हात जिथे जायचा तिथे गेला, आणि घसरला. पुन्हा ठेवला. अंधारात दिव्याचं बटण शोधावं तशी बोटं इकडे गेली, तिकडे गेली.

"काढला मी, वहिनी," मास्तर म्हणाले. "दादा नको म्हणायचा. तरी काढला."

वहिनींनी हातोडीकडे बघितलं. "आणि हे काय?"

"परत पाडणार होतो. तुम्हाला कळू नये म्हणून."

"कळलं नसतं?"

"नसतं."

"म्हणजे रोज सकाळी मी तुमच्या हातोडीवर हात ठेवून उभी राहिले असते."

एवढंच बोलल्या आणि गाडीत बसून दार लावून घेतलं. रडल्या असत्या तर मास्तरांना सोपं गेलं असतं. शिव्या दिल्या असत्या तर आणखी सोपं.

दुपारी भोंग्यावरून वहिनींचा पुकारा झाला. काका-पुतणीने गाडी ढकलत रेघेपर्यंत नेली. बाजूला लाल गाडी गुरगुरत होती. वहिनींनी किल्ली फिरवली. खर्रर्र झालं, आणि गप्प. पुन्हा खर्रर्र, पुन्हा गप्प. वरून पत्रा कितीही गुळगुळीत झाला, तरी आतली तार सैल ती सैलच.

झेंडेवाला धावत आला. "आजी, गाडी बाजूला घ्या."

"आजी असेल तुझ्या घरी," वहिनी म्हणाल्या. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून हाक दिली, "भाऊजी! मारा."

"मी?"

"दुसरं कोण आहे?"

मास्तर पुढे झाले. उभ्या जन्मात मागून ठोकळा टेकवल्याशिवाय त्यांनी पत्र्यावर हात उगारला नव्हता. कशीबशी एक चापट मारली.

"बाळ झोपवताय का?"

आणखी एक मारली. लोक हसायला लागले.

"भाऊजी, काढताना बरा जोर आला होता!"

ते वर्मी लागलं. मास्तरांनी डोळे मिटले आणि हात डोक्याच्या वर नेऊन असा दणका दिला, की पत्रा विव्हळला. गाडी जागी झाली. दिवा हिरवा झाला. लाल गाडी गेलीसुद्धा. बदामी गाडी आपली निघाली, ताठ मानेने. ती पलीकडे टेकली तोवर लाल गाडीवाला उतरून पाणी पीत होता.

मास्तर झणझणता हात काखेत धरून उभे होते. वहिनी परत आल्या, उतरल्या, नव्या पोच्यात हात ठेवून बघितला.

"हा त्यांचा नाही."

"नाही, वहिनी."

"जागाही चुकली. ते डावीकडे मारायचे."

"हो."

"हा काढायचा नाही. धंदा सोडलात तरी नाही, मी गेल्यावरसुद्धा नाही. आणि कुणी विचारलं तर का म्हणून सांगायचं नाही."

"लोक हसतील, वहिनी."

"हसू देत," वहिनी म्हणाल्या, अगदी दादांच्या आवाजात, आणि तोंड फिरवलं.

मास्तरांनी खिशातली फीत परीक्षकांच्या टेबलावर नेऊन ठेवली. बाईंनी विचारलं, "का हो?" तर म्हणाले, "ते काम माझं नव्हतं."

वहिनी अजून दरवर्षी गाडी पळवतात आणि दरवर्षी हरतात. मास्तरांशी पूर्वीसारखंच बोलतात, डब्यातलं वाढतात, चेष्टाही करतात. पण सकाळी शेडमध्ये जात नाहीत. लेकीने एकदा विचारलं तर म्हणाल्या, "आता तिथे कोण आहे?" हे लेकीने मास्तरांना सांगितलं नाही. काकूला सांगितलं, आणि काकूने मास्तरांना.

मेळ्यातली गर्दी रेस बघायला पांगली, की मास्तर खुर्चीवरून उठतात. नव्या पोच्याच्या जरा डावीकडे, डोळे मिटून तळहात ठेवतात. दुसऱ्या कुणाला ती जागा सापडायची नाही. तेवढ्या तुकड्यावर त्यांचं आयुष्यातलं सगळ्यात चोख काम आहे. हात तिथून सरकतो, कुठेच काही लागत नाही. मग ते हात काढून पटकन खिशात घालतात, आणि कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून आजूबाजूला बघतात.