यानाची मुकादमीण

माझ्या लॅपटॉपवर पहिल्यांदा अंतराळयान पाहिलं तेव्हा गयामावशींनी विचारलं, "यात मानसं किती?" मी म्हटलं, सहा. "आन् चूल?" मी शोधून शोधून यानाच्या खालच्या मजल्यावरची खानावळ दाखवली. ती पाहिल्यावरच मावशी दुखरा पाय लांब करून ऐसपैस बसल्या.

राणीसावरगावच्या शाळेवर माझी बदली झाली तेव्हा मी त्यांच्याच दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. मावशींचा जन्म ऊसतोडीत गेला. नवरा तोडकऱ्यांच्या टोळीचा मुकादम होता. तो वारल्यावर टोळी फुटणार असं सगळे धरून चालले होते, तर या बाईनं कमरेला पदर खोचला आणि पुढचे बारा हंगाम स्वतः मुकादमी केली. बाई मुकादम म्हणून कारखान्यावरचे लोक आधी हसले, मग गप्प बसले. पुढे गुडघा गेला. तेव्हापासून दिवाळीच्या सुमारास टोळीचा ट्रक त्यांच्या दारावरून निघून जायचा आणि मावशी ओट्यावर बसून राहायच्या. त्या दिवशी त्या कोणाशी बोलत नसत. म्हातारपण, दुसरं काय, असं म्हणून मी ते सोडून दिलं होतं.

मी विज्ञान शिकवते आणि मला असल्या खेळांचं भलतं वेड आहे, हे मी शाळेत कोणाला कळू देत नाही. मावशींपासून मात्र लपलं नाही. खेळ असा, की आपण यानाचा कप्तान व्हायचं, ग्रहाग्रहांवर उतरायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं. काय बोलावं याच्या दोन-तीन ओळी पडद्यावर येतात. त्यातली जी निवडू तशी पुढची गोष्ट वळते. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगायची, मावशी ठरवायच्या आणि आकड्याचं बटण स्वतः दाबायच्या. कप्तान कोण, हे पहिल्याच दिवशी ठरून गेलं होतं.

ग्रहावर उतरताना दोन जणांना सोबत नेता येतं. "दोगं म्हंजी एक कोयता," मावशी म्हणाल्या. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा. झालं! त्यांनी यानावरच्या सहा जणांच्या जोड्याच लावून टाकल्या. यान चालवणारी पोरगी आणि निळ्या कातडीचा परग्रहावरचा गडी हा एक कोयता. डॉक्टरीणबाई आणि बंदूकवाला दुसरा. उरले यंत्रमानव आणि इंजिनाजवळ बसून सदा कुरकुरणारा म्हातारा मेकॅनिक. "हे दोन अर्धे हायेत. यांना येकटं सोडायचं न्हाई." मी हसून हसून बेजार झाले. लढाईत कोण कामाचा, कोणाची बंदूक भारी, हे मी कानीकपाळी ओरडून सांगायची, पण जोड्या काही मोडल्या नाहीत. "गुमान बस गं. जोडी फोडल्यावर कुनाचं कामात ध्यान ऱ्हातंय का?"

मला मोहिमेची घाई असायची. मावशी निघण्याआधी यानभर हिंडून एकेकाशी बोलायच्या. "कामून पळायलीस? म्हातारा काय म्हनायलाय ते वाच आदी." म्हातारा लांबण लावायचा. त्याची पाठ, त्याचा गाव, त्याच्या जमान्यातली इंजिनं. मी थोडक्यात गुंडाळायची, की मावशी लगेच पकडायच्या. "त्यो एवढा येळ बोलला आन् तू दोनच शब्द सांगायलीस? बाकीचं कुटं गेलं?"

दोन महिन्यांनी शेवटची मोहीम आली. शत्रूच्या तळावरून सगळ्यांना निसटता येतं, पण कोणीतरी आतून दरवाजा धरून ठेवावा लागतो, आणि जो धरेल तो परत येत नाही. मी वाचून सांगितलं, यंत्रमानव किंवा म्हातारा. मावशी विचारात पडल्या. मला राहवेना. "म्हातारा ठेवू. इंजिन दुरुस्त झालंय, आता त्याचा काही उपयोग नाही," असं म्हणत मीच बटण दाबलं.

दरवाजा बंद झाला. मावशी पडद्यावरून माझ्याकडे वळल्या.

"कामाचा न्हाई म्हनून सोडलास?"

"अहो मावशी, खेळ आहे हा."

"मंग मी बी कामाची न्हाई," म्हणाल्या, आणि गुडघ्यावर हात देऊन उठून गेल्या.

चार दिवस अबोला. दुधाचं पातेलं माझ्या दाराशी ठेवून जायच्या, पण हाक नाही. मला आधी रागच आला. एवढ्या-तेवढ्यावरून रुसायला काय झालं? मग ट्रक गेल्यावर ओट्यावर बसून राहिलेल्या मावशी डोळ्यांपुढे आल्या आणि माझी मलाच शरम वाटली. दोन वर्षं मी त्यांच्या घरात राहत होते, आणि त्यांना कसलं दुःख आहे हे मला एका खेळातल्या म्हाताऱ्यामुळे कळलं.

पाचव्या दिवशी त्या येऊन बसल्या. "पुन्ना लाव. पयल्यापासून."

मधल्या टप्प्यांची नोंद माझ्या वेंधळेपणानं पुसली गेली होती, त्यामुळे खरोखरच पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. उन्हाळ्याची सुटी लागली होती. पिंगळीला माहेरी जायचं मी आठ दिवस पुढे ढकललं, मग आणखी आठ. यावेळी म्हाताऱ्याचं एकही वाक्य मी गुंडाळलं नाही. त्याला एक मुलगी होती, हे मलाही तेव्हाच कळलं.

पुन्हा तो दरवाजा आला. मावशींनी मला बजावलं, "सगळं वाच. येक वळ गाळायची न्हाई."

ओळी तीन होत्या. पहिल्या खेपेलाही तीनच होत्या. तिसरी ओळ होती, 'मी थांबते, तुम्ही निघा.' कप्तानच मेला की आपला खेळ संपला, मग असलं कोण निवडतंय, असं परस्पर ठरवून मी ती त्यांना सांगितलीच नव्हती. आता सांगितली. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी विचारलं, "हे तवाबी व्हतं?"

"होतं."

मला वाटलं, आता माझी काही धडगत नाही. पण त्यांनी बोटानं तीनचा आकडा शोधला आणि दाबला.

"मावशी, आपलं संपलं की!"

"संपू दे. टोळी घराला लागली न्हवं?"

यान उडालं. आत सहाच्या सहा जण होते, आणि म्हातारा इंजिनापाशी कुरकुरत होता. मावशींनी पडद्यावर बोट ठेवून एकेकाला मोजलं आणि पदरानं तोंड पुसलं. मी इतकी वर्षं असले खेळ खेळते आहे, पण मी कधी कोणासाठी थांबले नाही. त्या संध्याकाळी या बाईचा मला इतका अभिमान वाटला की साऱ्या गावाला ओरडून सांगावंसं वाटलं.

गेल्या पौषात मावशी गेल्या. दुपारी ओट्यावर बसल्या होत्या, तिथंच. टोळी तेव्हा पार साताऱ्याकडे उसाच्या फडावर होती. ऐन हंगामात कोयता खाली ठेवू कोण देतंय? एखादा-दुसरा आला तरी पुष्कळ, असं गावात सगळे म्हणत होते.

तिसऱ्याच्या दिवशी सकाळी दारात ट्रक उभा राहिला आणि त्यातून अख्खी टोळी उतरली. उसाच्या पाचटानं हात चिरलेल्या बाया, कडेवरची पोरं, सगळी. एक गडी तापानं फणफणला होता, त्यालाही चादरीत गुंडाळून आणलं होतं.

सगळं उरकल्यावर आताचा मुकादम भागवत पाणी पिऊन ओट्यावर टेकला. मला राहवलं नाही. मी त्याला यान सांगितलं, म्हातारा सांगितला, दरवाजा सांगितला, आणि मावशींनी कोणती ओळ निवडली तेही मोठ्या अभिमानानं सांगितलं. तो चकित होईल असं मला वाटलं होतं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि उलट मलाच विचारलं, "मंग? दुसरं काय करनार व्हती ती?"