आतली कडी

कामोठ्याच्या आमच्या घरात बाथरूमच्या दाराला आतून कडी नव्हती, कारण ती मी काढून टाकली होती. बायकोची स्तनाच्या कॅन्सरवरची केमोथेरपी संपली, पण तिचे तळपाय बधिर झाले होते. पायाखाली लादी आहे की सतरंजी, हे खाली बघितल्याशिवाय तिला कळत नसे. एकदा पायातली एक चप्पल निसटली आणि ते न कळता बायको तशीच लिफ्टपर्यंत गेली. त्यात कॅन्सरसाठी पुढे चालू असलेल्या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात, पडू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्याच संध्याकाळी मी स्क्रू ड्रायव्हर घेतला. तिला विचारलं नाही.

"आता दार नुसतं लोटायचं का?" ती म्हणाली.

"मी कशाला येतोय आत?"

ऑपरेशननंतर तिने मला छाती दाखवली नव्हती. कपडेही दार लावून बदलायची. तेवढा आडोसा तिला हवा होता, हे मला कळत होतं.

एका सकाळी आत तांब्या आपटला. मी हाकही न मारता दार ढकलून शिरलो. ती भिंतीवरचा आधाराचा दांडा धरून नीट उभी होती. तांब्या नुसता निसटला होता. मला बघताच तिने दांडा सोडला, दोन्ही हात छातीवर घेतले आणि ती पडली.

उजवं मनगट मोडलं. डावा हात ऑपरेशनच्या बाजूचा, आधीच सुजलेला. त्यामुळे प्लास्टर निघेपर्यंत तिला अंघोळ मीच घातली. स्टुलावर बसली की ती डोळे मिटून घ्यायची. मी बघतोय, हे तिला बघायचं नव्हतं.

सगळ्यांना तिने सांगितलं, लादी ओली होती. आमच्या मुलीलाही तेच. मीही मान डोलावली.

नंतर तोल सांभाळण्याचे व्यायाम शिकवायला फिजिओथेरपिस्ट घरी येऊ लागली. ओट्याला बोटं टेकवून एका पायावर उभं राहायचं, पावलापुढे पाऊल चिकटवत पॅसेजमधून चालायचं. मी हात पसरून मागे.

"काका, हात खाली. तुम्ही धरताय म्हणून त्या स्वतःच्या पायांवर भारच टाकत नाहीत."

"लग्नात हात धरायला लाजत होते," बायको म्हणाली, "त्याची भरपाई चाललीये."

मग डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. बायको लगेच डगमगली. पायांना जमीन कळत नाही, म्हणून सगळी भिस्त डोळ्यांवर, असं फिजिओथेरपिस्टने समजावलं. "पडलात तेव्हा नजर कुठे होती, काकू?"

"खालीच," बायको म्हणाली.

मी धुतलेली भांडी पुसायला घेतली.

अजूनही काही पडलं की मला दांड्यावरून सुटणारा तो हात दिसतो. भरदिवसा. ऑफिसात कुणाची फाइल पडली तरी.

एक दिवस ती ओट्याला न टेकता एका पायावर उभी राहिली. पाय खाली ठेवला आणि म्हणाली, "कडी लावून द्या."

"पडलीस तर?"

"तर पडेन. तुम्ही आत आल्यामुळे पडण्यापेक्षा बरं."

इतक्या दिवसांत हे पहिल्यांदाच बोलली. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

हार्डवेअरच्या दुकानात एक कडी मिळाली. आतून लागते, पण अडचणीत बाहेरच्या खाचेत नाणं घालून उघडता येते. या वेळी आधी तिला दाखवली. तिने उलटसुलट करून पाहिली. "दोनदा हाक मारायची. मी ओ दिली नाही तरच उघडायची."

दुसऱ्या दिवशी तिने कडी लावली. थोड्या वेळाने आत काहीतरी पडलं. मी हाक मारली. नळ चालू होता, ओ आली नाही. नाणं खाचेत घातलं. पुन्हा हाक मारली.

"साबण पडला," ती म्हणाली. "तुम्ही जा, चहा ठेवा."

मी नाणं काढलं, पण गेलो नाही. नळ बंद होईपर्यंत दाराला लागून उभा राहिलो. दाराखालच्या फटीतून माझी सावली आत जात होती, हे नंतर लक्षात आलं.