‘मेल्या’ म्हणायची मुभा

आमचे शेजारी गुरुदत्तराव विमा कचेरीतून निवृत्त झाले आणि समाजमाध्यमांना शिस्त लावायच्या कामाला लागले. सुकापुरातल्या गॅलरीत बसून. कुणाची पोस्ट उद्धट वाटली की लगेच तक्रार. वर घटनेचं कलम एकोणीस ऐकवायचे. म्हणजे उपकलम दोन, वाजवी निर्बंधांचं. ज्यात बोलायचं स्वातंत्र्य दिलंय ते उपकलम एक बहुधा त्यांच्या प्रतीत छापलेलंच नव्हतं.

तर या गृहस्थांनी गुणाबाईची तक्रार केली.

गुणाबाई गव्हाणची कोळीण. सकाळी पाटी भरली की मोबाइलवर लाइव्ह येते, गिऱ्हाइकं तिथेच मासळी सांगून ठेवतात, मग ती आमच्या गेटापाशी येऊन देते. त्या दिवशी गुरुदत्तरावांनी खाली लिहिलं, ‘पापलेट ताजे असल्याची खात्री काय?’

गुणाबाईनं पापलेट कॅमेऱ्यासमोर धरलं. "अरे मेल्या, तुज्यापरीस ताजा हाय! ये हितं, आधी तुलाच कापते!"

सगळे हसले. मी तर हसून हसून चहा सांडला. गुरुदत्तरावांनी तक्रारीत लिहिलं: मृत्यूची कामना, तसेच धारदार शस्त्राने इजा करण्याची जाहीर धमकी. कंपनीच्या यंत्राला मराठी येतं ते शब्दकोशापुरतं. गुणाबाईचं पेज बंद!

हे मला कसं कळलं? अहो, त्यांनी स्वतःच जिन्यात छाती फुगवून सांगितलं. मी कुणाला म्हणजे कुणाला बोलले नाही. फक्त त्यांच्या बायकोला, अरुंधतीवहिनींना.

दोन-चार दिवसांत गुणाबाई रडकुंडीला आली. "ताई, अर्दी पाटी तशीच घरी न्यावी लागते गो. लाइव नाय तर गिराईक नाय. आता करू काय?"

"गुरुदत्तभाऊंना विचार," मी म्हटलं. "तक्रारीतलं त्यांच्याएवढं कुणालाच कळत नाही."

आणि मीही तिच्याबरोबर गेले. अशी मजा कोण सोडतं?

"भाऊ, कुनीतरी मेल्यानं माजं पेज बंद केलं. तुमी कायद्याचं मानूस. दोन अक्षरं लिवा ना."

गुरुदत्तराव चष्मा पुसायला लागले. "तू कुणाला धमकी वगैरे दिली होतीस का?"

"मी? अरे मेल्या, मी कोनाला कशाला धमकी देऊ!"

आतून अरुंधतीवहिनींचा आवाज आला, "लिहून द्या हो. तुमची लिहायची पद्धत ओळखतात ते कंपनीवाले. आणि रविवारी पापलेट नसेल तर दुधीची भाजी आहे."

बसले बिचारे लिहायला. आणि त्या दिवशी त्यांना उपकलम एक सापडलं! त्यांच्याच खात्यावरून भलंमोठं अपील गेलं, आणि सगळ्या जगानं वाचावं म्हणून त्यांनी ते आपल्या खात्याच्या भिंतीवरही लावलं. ‘मेल्या हे किनाऱ्याकडचे आपुलकीचे संबोधन आहे. आई मुलाला मेल्या म्हणते. उद्या मलाही कुणी मेल्या म्हटले, तर मी तो सन्मान समजेन.’

"भाऊजी, फार सुंदर," मी म्हटलं. "भिंतीवरच्यात अजून एक-दोन ठिकाणी मेल्या घाला. जोर येईल." त्यांनी घातलंही.

अपील मान्य झालं. गुणाबाईचं पेज सुरू.

आणि भिंतीवर एवढे मेल्या बघून यंत्रानं गुरुदत्तरावांचं खातं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाबाई लाइव्ह आली. आमच्या भिंतीपलीकडेही तोच आवाज घुमत होता, वहिनींच्या फोनवर. त्याच फोनवरून कुणीतरी लिहिलं, ‘दोन पापलेटे राखून ठेवावीत. आपला, गुरुदत्त.’

"ठेवली, भाऊ!" गुणाबाई ओरडली. "आयकलंव का गो बायांनो? माजं पेज ज्यानं सुरू करून दिलं त्या देवमानसालाच कुनीतरी बंद केलाय. कोन हाय रं तो चुगलीखोर? ये मेल्या, एकदा समोर ये!"

पलीकडचा आवाज एकदम बारीक झाला. मी माझ्या फोनचा मोठा केला.